पावसाचे माप आणि मापाची निगा
पर्जन्यमापक व पर्जन्य-संवेदक यांतील दोष कसे ओळखावे, कसे दूर करावे

मृग नक्षत्र लागले की खेड्यापाड्यांतून एकच प्रश्न विचारला जातो : पाऊस किती झाला ? शेतकरी त्याचे उत्तर ओलीच्या भाषेत देतो. वीतभर ओल गेली, वापसा आला, ओढ्याला पाणी उतरले, असे तो सांगतो आणि त्याच्या कामापुरते ते उत्तर पुरेसेही असते. शासनव्यवहाराला मात्र हेच उत्तर मिलिमीटरमध्ये हवे असते. टंचाईची पाहणी, अतिवृष्टीची मदत, हवामानावर आधारित फळपीक विमा, धरणातील पाण्याचा अंदाज आणि पेरणीचा सल्ला ही सर्व कामे अखेरीस एका लहानशा यंत्राने दिलेल्या आकड्यावर येऊन थांबतात.

आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे अतिवृष्टी झाली असे धरण्यात येते व त्यानंतर पीकहानीच्या पंचनाम्यांची कार्यवाही सुरू होते. समजा, एखाद्या मंडळात प्रत्यक्षात ७२ मिलिमीटर पाऊस पडला. परंतु यंत्राच्या नरसाळ्यात वाळलेली पाने अडकल्यामुळे नोंद ५८ मिलिमीटरची झाली. शेतात पाणी साचले, बांध फुटले, सोयाबीन पिवळे पडले, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले तरी कागदावर अतिवृष्टी झालीच नाही ! मूठभर पाल्याने अनेक गावांच्या अर्जांची वाट अडविली, असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच पर्जन्यमापकाची निगा हा केवळ तांत्रिक विषय नसून न्यायाचाही विषय आहे.

एक मिलिमीटर म्हणजे किती ?

सपाट जमिनीवर पडलेले पाणी न मुरता, न वाहता, न आटता तेथेच राहिले असते तर त्याची जी खोली झाली असती ती म्हणजे पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एका हेक्टरावर तेच १०,००० लिटर आणि एका एकरावर सुमारे ४,०४७ लिटर होते. पाच मिलिमीटरची एक सर एकरभर शेताला वीस हजार लिटर पाणी देऊन जाते. हा हिशेब शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घेण्याजोगा आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्या देशात जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे सांगितले असून निरनिराळ्या प्रदेशांतील पावसाचे प्रमाण द्रोण या मापात दिले आहे. अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस मात्र तेथे अमित म्हटला आहे. आधुनिक काळात १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर भागातील ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्याची आजही आठवण देते.

पाऊस जागोजागी मोजावा लागतो, कारण तो जागोजागी वेगळा पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्यास तो सुमारे ७४ मिलिमीटर होता. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण तालुका पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून असतो. शेजारच्या यंत्राचा आकडा आपल्या गावाला लावता येत नाही, तो यामुळेच.

साधे पर्जन्यमापक

तहसील कार्यालये, प्रक्षेत्रे व पाटबंधाऱ्याच्या वसाहतींतून दिसणारे साधे पर्जन्यमापक ‘सायमन्सचे पर्जन्यमापक’ या नावाने ओळखले जाते. वर धारदार काठाचे नरसाळे, आत पाणी साठविणारी बाटली, खाली जमिनीत पक्की बसविलेली बैठक आणि सोबत काचेचे मोजपात्र, एवढेच त्याचे भाग. आता ते बहुधा काचतंतूमिश्रित प्लॅस्टिकचे असते.

बैठकीसाठी ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल असा काँक्रिटचा ठोकळा जमिनीत घालावा. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून बरोबर ३० सेंटिमीटर उंच व पूर्ण सपाटीत असावा. जवळचे झाड, भिंत वा खांब नरसाळ्याच्या काठापासून जितका उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतर यंत्रापासून सोडावे. झाड सहा मीटर उंच असेल तर यंत्र बारा मीटर दूर हवे. गच्चीवर यंत्र कधीही बसवू नये; तेथे वारा जोराचा असतो व थेंब नरसाळ्यावरून उडून जातात.

वाचन दररोज सकाळी ८.३० वाजता घ्यावयाचे असते. मोजपात्र सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीत आणावा व पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा सर्वांत खालचा बिंदू वाचावा. नोंद एक दशांश मिलिमीटरपर्यंत करावी. १५ जुलैच्या सकाळी मोजलेला पाऊस १५ जुलैच्याच नावे लिहावयाचा, जरी त्यातील बहुतेक सरी आदल्या दिवशी पडलेल्या असल्या तरी. दोन यंत्रांच्या आकड्यांत मेळ बसत नाही, असे आढळले तर प्रथम दोन्हीकडची वेळ व तारीख तपासावी. पुष्कळदा दोष यंत्रात नसून नोंदवहीत असतो.

साध्या यंत्रातील नेहमीचे दोष

पहिला दोष चुकीच्या मोजपात्राचा. हे काचपात्र फुटते, मग दुसरीकडून आणले जाते, आणि ते आपल्या नरसाळ्याचे आहे की नाही हे कोणी पाहत नाही. नरसाळ्याच्या तोंडाचा आतील व्यास सुमारे १६ सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते व एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी होते. व्यास सुमारे ११.३ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर व एक मिलिमीटरला १० मिलिलिटर. जुन्या सायमन्स यंत्राचा व्यास १२.७ सेंटिमीटर असून तेथे हे प्रमाण १२.७ मिलिलिटर पडते. मोठ्या नरसाळ्याखालचे पाणी लहान नरसाळ्याच्या काचपात्राने मोजले तर पाऊस दुप्पट दिसेल. उलट केले तर निम्मा. पट्टीने तोंड मोजणे व औषधाच्या मापाने काचपात्र तपासणे, एवढ्याने हा दोष पाच मिनिटांत उघडा पडतो.

दुसरा दोष गळतीचा. बाटलीत मोजून पाणी घालावे, यंत्र बंद करून रात्रभर ठेवावे व सकाळी पुन्हा मोजावे. रात्रीतून पाणी लक्षात येण्याजोगे घटले तर सांधा किंवा बाटली गळते आहे असे समजावे.

तिसरा दोष काठाचा. दगड लागून वा जनावराचा धक्का बसून काठ चेपला तर पाऊस झेलणारे क्षेत्रफळच बदलते. तोंडाचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा. तो सर्वत्र सारखा न आढळल्यास नरसाळे बदलून घ्यावे.

चौथा दोष भरून वाहण्याचा. २०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्याखाली चार लिटरची बाटली असेल तर ती २०० मिलिमीटर पावसात काठोकाठ भरते. घाटमाथ्यावर व कोकणात एवढा पाऊस एका दिवसात पडणे नवलाचे नाही. अशा दिवशी दुपारी, संध्याकाळी व रात्री मध्येच मोजून पाणी ओतावे, प्रत्येक वाचन लिहावे व सकाळी सर्वांची बेरीज करावी.

पाचवा दोष हळूहळू येतो, म्हणून तो ध्यानात येत नाही. यंत्र बसविले तेव्हा मोकळी असलेली जागा दहा वर्षांत झाडांनी वेढली जाते. हौसेने लावलेला गुलमोहर पर्जन्यमापकावर सावली धरतो आणि वर्षागणिक पाऊस ‘कमी’ होत जातो. तो ओळखण्याचा उपाय सोपा आहे. आपल्या यंत्राची व जवळच्या दोन-तीन यंत्रांची पावसाळाभराची चढती बेरीज महिन्यागणिक मांडावी. अनेक वर्षे दोहोंचे प्रमाण सारखे राहून एखाद्या वर्षापासून आपला आकडा सतत मागे पडू लागला, तर हवामान बदलले असे म्हणण्यापूर्वी कुंपणाभोवती एक फेरी मारावी.

स्वयंचलित यंत्र : टिपिंग बकेट

‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘विंड्स’ या उपक्रमाची कार्यपद्धती जाहीर केली. तालुकास्तरावर हवामान केंद्र व ग्रामपंचायत स्तरावर स्वयंचलित पर्जन्यमापक असावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे जे यंत्र आजवर तहसीलाच्या आवारात होते, ते गावाच्या शिवारात येत आहे. पंचायत सदस्यांना त्याची ओळख असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या यंत्रात नरसाळ्याखाली तराजूच्या दांडीसारखे दोन कप्प्यांचे लहान पात्र असते. एक कप्पा ठरावीक पाण्याने भरला की पात्र कलते, पाणी सांडते व दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलण्याबरोबर पात्रावरचे चुंबक एका बारीक स्विचवरून जाते व एक ठोका नोंदला जातो. यंत्राच्या घडणीप्रमाणे एक ठोका म्हणजे ०.२, ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस. सौरपटल व बॅटरीवर चालणारा नोंदक हे ठोके मोजून मोबाईलच्या जाळ्यातून पुढे पाठवितो. यंत्र माणसाशिवाय चालते खरे, परंतु पाने, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याची जाळी व कुंभारमाशीची घरटी यांना ते स्वतः दूर करू शकत नाही.

दोष ओळखताना लक्षणांवरून कारणाकडे जावे.

शेजारी सर्वत्र पाऊस आणि येथे शून्य, असे आढळले तर नरसाळे पाहावे. त्यात पाणी साचलेले असेल तर भोक तुंबले आहे. पाणी नसेल तर पात्र हाताने हळूच दहा वेळा कलवावे. ०.५ मिलिमीटरच्या यंत्रावर नोंद ५ मिलिमीटरने वाढली पाहिजे. ती न वाढल्यास चुंबकाचा स्विच निकामी झाला आहे किंवा तार तुटली आहे. उंदरांनी कुरतडलेली तार हे नेहमी आढळणारे कारण आहे.

पाऊस थांबून तास-दोन तास झाले तरी थोडथोडी नोंद चालूच असेल तर नरसाळे अर्धवट तुंबले असून साचलेले पाणी झिरपत आहे. ही सर्वांत फसवी अवस्था होय, कारण आकडा येत असतो व यंत्र चालू आहे असे वाटते. जोराच्या पावसात मात्र साचलेले पाणी काठावरून वाहून जाते व नेमका अतिवृष्टीचा दिवस साध्या पावसाचा ठरतो.

कोरड्या दिवशी पाऊस नोंदला गेला तर जवळच्या शेतातील तुषार सिंचनाचा फवारा, खांबाला अंग घासणारी जनावरे, वाऱ्याने हलणारा सैल खांब किंवा एकाच कलण्याचे दोन ठोके मोजणारा बिघडलेला स्विच, यांपैकी काय आहे ते पाहावे.

नोंद सातत्याने कमी-अधिक येत असेल तर गवंड्याची पाणसळ नरसाळ्याच्या काठावर दोन्ही दिशांनी ठेवून सपाटी तपासावी व पात्रात बसलेला गाळ काढावा. मुसळधार पावसात पात्र कलण्याच्या क्षणी काही पाणी न मोजताच निघून जाते, म्हणून या यंत्राचा आकडा थोडा कमी येण्याकडे झुकतो. शेजारी एक साधे पर्जन्यमापक ठेवण्याचा फायदा येथे दिसतो.

संदेशच येणे बंद झाले तर सौरपटलावरील धूळ, बॅटरी व आकाशकाडी या क्रमाने तपासणी व्हावी.

अचूकतेची चाचणीही कठीण नाही. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. ६२८ मिलिलिटर पाणी मोजून घ्यावे व बारीक छिद्राच्या बाटलीतून तासाभरात थेंबथेंब नरसाळ्यात सोडावे. हा २० मिलिमीटर पाऊस झाला. ०.२ मिलिमीटरच्या यंत्रावर सुमारे १०० ठोके पडले पाहिजेत. दोन-तीन ठोक्यांचा फरक चालेल. दहा-पंधरांचा फरक पडल्यास पात्राखालचे स्क्रू तज्ज्ञाकडून जुळवून घ्यावेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विम्याशी व मदतीशी संबंध असलेले केंद्र कोणीही परस्पर उघडू नये. हेतू कितीही चांगला असला तरी चाचणीचे पाणी पाऊस म्हणून नोंदले जाते व सर्वच नोंदी संशयास्पद ठरतात. ग्रामपंचायतीने लक्षणे पाहावी, दिनांक व वेळ लिहावी, जमल्यास छायाचित्र घ्यावे व मंडळ अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी यांना लेखी कळवावे. सफाई वा चाचणी अधिकृत व्यक्तीने, वेळेची नोंद ठेवून करावी.

शेतातील पर्जन्य-संवेदक

घड्याळावर चालणारे ठिबक किंवा तुषार संच आता रोपवाटिका, फळबागा व सार्वजनिक उद्यानांतून दिसतात. पाऊस पडत असताना मोटार चालू राहू नये म्हणून त्यांना पर्जन्य-संवेदक, म्हणजे बोलीतील ‘रेन सेन्सर’, जोडतात. त्याच्या सर्वसाधारण प्रकारात पाणी शोषून फुगणाऱ्या चकत्या असतात. त्या फुगल्या की लहान स्विच दाबला जातो, व्हॉल्व्हकडे जाणारा विद्युतप्रवाह तुटतो व पाणी बंद होते. चकत्या वाळल्या की संच पुन्हा सुरू होतो. हे उपकरण पाऊस मोजत नाही. ‘पुरे’ एवढेच सांगते.

त्याचे बिघाड दोन प्रकारचे असतात. भर पावसात पाणी चालू राहिले तर नुकसान पाण्याचे व विजेचे होते. परंतु पाऊस नसताना संच बंद राहिला तर पीक वाळते, आणि घड्याळावर विसंबलेल्या माणसाच्या ते उशिरा ध्यानात येते. म्हणून दुसरा बिघाड अधिक घातक समजावा.

पाणी सुरूच होत नसेल तर नियंत्रकावरील बगल-बटण वापरून संवेदक वगळावा. संच सुरू झाला तर दोष संवेदकात किंवा त्याच्या तारेत आहे. तरीही सुरू न झाल्यास दोष अन्यत्र शोधावा. नंतर चकत्या ओल्या आहेत काय ते पाहावे. कोकणातील दमट हवेत किंवा सावलीत त्या दिवसचे दिवस वाळत नाहीत. हवेची कडी अधिक उघडावी किंवा संवेदक उन्हात हलवावा. चकत्या कोरड्या असूनही संच बंद असेल तर वीजपुरवठा तोडून मल्टिमीटरने तपासावे : सामान्यतः बंद असणाऱ्या प्रकारच्या संवेदकात कोरड्या अवस्थेत मंडल जुळलेले व ओल्या अवस्थेत तुटलेले आढळले पाहिजे.

पावसात पाणी थांबत नसेल तर बगल-बटण कोणी चालू ठेवून विसरले नाही ना, हे आधी पाहावे. त्यानंतर संवेदक वळचणीखाली वा फांदीखाली आहे काय, चकत्या झिजल्या काय आणि मर्यादा फार वर ठेवली आहे काय, हे तपासावे. अनेक संवेदकांत ही मर्यादा सुमारे ३ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान ठरविता येते. ती एका पाळीत पिकास देण्यात येणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाशी जुळवावी. मर्यादा ३ मिलिमीटरवर ठेवली तर जमिनीचा केवळ वरचा थर भिजविणाऱ्या सरीनेही पाळी चुकेल. संवेदक तुषारांच्या फवाऱ्याखाली बसविला, तर तो आपल्याच पाण्याला पाऊस समजून संच बंद करील, हेही विसरू नये.

शून्य आणि कोरी जागा

नोंदवहीसंबंधी एक गोष्ट शेवटी सांगणे अवश्य आहे. पाऊस पडला नाही, तर ०.० लिहावे. मोजण्याइतका पडला नाही, तर ‘किंचित’ लिहावे. यंत्र बंद असल्यास किंवा वाचन घेता न आल्यास ‘नोंद नाही’ असे कारणासह लिहावे. या तीन गोष्टी भिन्न आहेत. बंद यंत्राचा दिवस शून्य म्हणून लिहिला गेला तर पावसाचा खोटा खंड निर्माण होतो. अंदाजाने आकडा भरला तर खरा खंड झाकला जातो. सकाळी २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस मोजला गेला तर तो पावसाचा दिवस धरतात. म्हणजे दशांशाच्या एका चुकीने पावसाच्या दिवसांची संख्याही बदलते. चुकलेला आकडा खोडून काढू नये. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा व सही करावी.

वर्षाचा क्रम

मे महिन्यात नरसाळे, बाटली, तारा व कुंपण तपासावे, फांद्या छाटाव्यात, सपाटी व ठोके यांची चाचणी करून घ्यावी. पावसाळ्यात दर आठवड्यास व प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर नरसाळ्यात डोकावून पाहावे. ऑक्टोबरात वर्षाच्या नोंदी शेजारच्या केंद्राशी ताडून पाहाव्यात व आढळलेले दोष ग्रामसभेपुढे ठेवावेत.

शाळांना यात मोठे काम करता येईल. सरळ भिंतीचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवून त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजली तरी पावसाचा चांगला अंदाज मिळतो. तोंड लहान की मोठे, याने फरक पडत नाही. वरच्या वर्गातील मुलांनी जून ते सप्टेंबर असे रोज ८.३० वाजता मोजमाप करून शाळेच्या फळ्यावर लिहावे व शेजारी शासकीय केंद्राचा आकडा लिहावा. शाळेची नोंद विम्यासाठी वा मदतीसाठी ग्राह्य धरली जाणार नाही. परंतु दोन आकड्यांत सतत अंतर पडू लागले तर केंद्राची तपासणी मागण्यास गावाजवळ आधार राहील, आणि ती मागणी हंगाम संपल्यावर नव्हे, तर पीक शेतात उभे असतानाच करता येईल.